दुसऱ्या रिमोटला स्टार्ट नव्हतं

दुकानातल्या पोराने विचारलं, "मुलासाठी घेताय का मॅडम?" आणि मी म्हटलं, "हो."

मला मुलगा नाहीये. एक लेक आहे, बारा वर्षांची, आणि तिला या सगळ्या प्रकरणात काडीचा रस नव्हता, ती फोनवर खूश होती. प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम, घ्यायचा होता मला. वय वर्षं एक्केचाळीस, नोकरी अकाउंट्सची, गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. पण त्या पोराने इतक्या सहज विचारलं आणि माझ्या तोंडून हो इतकं पटकन गेलं की मग ते परत घ्यायलाही जमेना. त्यात तो पुढे म्हणाला, "हल्लीची मुलं ऐकतच नाहीत ना," आणि मी वर हसले पण. घरी येताना सिग्नलला गाडीवर बसून विचार करत होते की यात खोटं बोलण्यासारखं काय होतं? तो काय माझं आधार कार्ड बघणार होता? साडी घ्यायला गेल्यावर "स्वतःसाठी का?" असं विचारलं तर मी हो म्हणते ना, मिक्सर घेताना तर कोणी विचारतच नाही.

तसं बघितलं तर त्याआधी महिनाभर माझा अभ्यास चालला होता. अभ्यास म्हणजे खरंच अभ्यास, बारावीला एवढा केला असता तर आज कुठे असते वगैरे. ऑफिसात एक पंचविशीतला मुलगा आहे, त्याला या विषयातलं सगळं कळतं. पीएस फाइव्ह, म्हणजे पाचवा प्लेस्टेशन, पहिल्यांदा इकडे आला, २०२१ च्या फेब्रुवारीत, तेव्हा बुकिंग काही मिनिटांत संपलं होतं, तेव्हा याने मिळवलेला, आणि अजून ते लग्नाची गोष्ट सांगावी तसं सांगतो. त्याला विचारलं कुठला घेऊ, तर तो टेराफ्लॉपवर गेला. दुसऱ्या कंपनीचा एक्सबॉक्स सिरीज एक्स १२, प्लेस्टेशन १०.२८, आणि छोटा एक्सबॉक्स, सिरीज एस, फक्त ४. हे "फक्त" त्याने असं म्हटलं की मला त्या छोट्या एक्सबॉक्सची दयाच आली. टेराफ्लॉप म्हणजे काय हे तेव्हाही कळलं नाही, आत्ताही कोणी विचारू नका. पण स्टोरेजचं मात्र मला बरोब्बर कळलं. सिरीज एस वर लिहिलेलं असतं ५१२ जीबी, आणि त्यातले आपल्याला वापरायला मिळतात ३६४. पहिल्या पीएस फाइव्हवर ८२५, हातात ६६७. म्हणजे सेलेबल आणि कार्पेट! दोन वर्षं फ्लॅट बघत फिरलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. एकेक मोठा गेम शंभर-शंभर जीबी खातो, मग त्या ३६४ च्या वन आरकेत किती सामान मावणार.

पण छोटा एक्सबॉक्स स्वस्त होता हे खरं, आला तेव्हा ३४,९९० ला होता, मोठ्या दोघांच्या डिस्कवाल्या मॉडेलपेक्षा चांगले पंधरा हजारांनी कमी, आणि वर त्यांचं ते गेम पास, दर महिन्याला पैसे भरा आणि ढिगाने गेम खेळा. लायब्ररीच की. फक्त पैसे भरणं थांबवलं की कपाटाला कुलूप. मी मनातल्या मनात वर्षाचा हिशोब मांडला, तीन वर्षांचा मांडला, मग आठवलं की आमच्या पेठेतल्या लायब्ररीचे सहा महिने मी पुस्तक न बदलता नुसते भरलेत, तेव्हा तो विषय तिथेच मिटवला.

मग आला निन्टेंडो स्विच. याच्यावर माझा खरा जीव अडकला. कारण टीव्ही. आमच्याकडे संध्याकाळी सात ते दहा टीव्ही सासूबाईंचा असतो, त्यात कोणी तडजोड करायला जात नाही, मीही नाही, आणि स्विच तर हातात धरून खेळता येतो, टीव्ही लागतच नाही. दुसरं म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंचे ते कंट्रोलर, बटणांचे ते हातात धरायचे तुकडे, निघतात, आणि एक तुझ्या हातात, एक माझ्या हातात, असे दोघं जण खेळू शकतात. एकाच खोक्यात दोन! बाकी सगळे कंपनीवाले चाळीस-पन्नास हजार घेऊन खोक्यात एकच कंट्रोलर देतात. पण स्विच आपल्याकडे कंपनी अधिकृतपणे विकतच नाही, जो मिळतो तो बाहेरून आणलेला. एका ओळखीच्या दुकानदाराने दाखवला पण. वॉरंटी कोणाची विचारलं तर म्हणाला, "आपलीच, दुकानाची." दुकानाची वॉरंटी म्हणजे दुकान आहे तोवर. हातात घेऊन बघितला, ते दोन तुकडे खट्कन काढले, परत खट्कन लावले, तो आवाज फार छान आहे, आणि ठेवला परत.

खोक्यात दोन रिमोट असण्याचं मला एवढं का, हे सांगायचं तर मिरजेला जावं लागेल.

१९९४ ची दिवाळी. बाबांना बोनस मिळाला आणि दादाच्या हट्टापायी घरी व्हिडिओ गेम आला. तेव्हा त्याला कन्सोल वगैरे कोणी म्हणत नव्हतं, तो "व्हिडिओ गेम" होता, कंट्रोलर म्हणजे "रिमोट", आणि त्यात घालायची ती "कॅसेट". कोणाकडे मीडिया होता, कोणाकडे समुराई, कोणाकडे लिटल मास्टर, आणि कॅसेटवर ९९९९९९९ इन १ असं लिहिलेलं असायचं, त्यातले खरे वेगळे गेम मोजून पाच-सहा, बाकी त्याच त्याच मारिओला कधी रात्र तर कधी बर्फ. ॲडॉप्टर असा तापायचा की तासाभराने खोलीत गरम प्लॅस्टिकचा वास भरायचा, आणि तो वास आला की आईचं सुरू, "पिक्चर ट्यूब जाईल, बंद करा." ही पिक्चर ट्यूब त्या काळात महाराष्ट्रातल्या समस्त आयांच्या काळजीचा विषय होती, प्रत्यक्षात गेलेली मी तरी कोणाची बघितली नाही. कॅसेट चालली नाही की काढायची, फू करायचं, परत घालायची. या फुंकरीवर आमची एवढी श्रद्धा होती, दादा तर डोळे मिटून मारायचा. आत्ता वाचलं की फुंकरीने काही होत नाही, उलट तोंडाची वाफ लागून पिना गंजतात, खुद्द निन्टेंडोनेच फुंकू नका म्हणून सांगितलं होतं. चालायची ती नुसती काढून परत घातल्यामुळे. असेल. पण आम्हाला कोण सांगणार, आम्हाला निन्टेंडो हे नावच माहीत नव्हतं. ज्याची आमच्या घरात नक्कल होती तो निन्टेंडोचा मूळ डबा जपानात १९८३ च्या जुलैत निघाला, म्हणजे माझ्याच जन्माच्या वर्षी, हे पण आत्ताच या अभ्यासात कळलं.

तर त्याला दोन रिमोट होते. दोन्ही डब्यालाच जोडलेले, वायर आखूड, त्यामुळे टीव्हीपासून दोन हातांवर फरशीवर मांडी घालून बसावं लागायचं, दिवाळीतली गार फरशी. पहिल्या रिमोटला डावीकडे बाण, उजवीकडे ए आणि बी, आणि मध्ये दोन चपटी रबरी बटणं, सिलेक्ट आणि स्टार्ट. दुसऱ्या रिमोटला बाण होते, ए-बी होतं, आणि मधली जागा कोरी. गेम कुठला लावायचा ते पहिला ठरवणार, सुरू पहिला करणार, थांबवणार पण पहिलाच.

पहिला अर्थातच दादाचा.

मी तक्रार केली असेल एक-दोनदा. आई म्हणाली, खेळायला मिळतंय ना? आणि मिळत होतंच. लिंबूटिंबू म्हणून का होईना पण मी आत होते, शेजारच्या दोघी तर नुसत्या पाठीमागे कॉटवर बसून बघायच्या. काँट्रा या बंदुकांच्या गेममध्ये दादा निळ्या पँटचा, मी लाल पँटची. एस लिहिलेली बंदूक आली, ज्यातून गोळ्या पंख्यासारख्या सुटतात, की ती त्याची. तीस लाइफचा तो कोड, अप अप डाउन डाउन लेफ्ट राइट लेफ्ट राइट बी ए, मला झोपेतून उठवलं तरी पाठ होता, पण तो मारायचा कुठे, तर त्याच्याच रिमोटवर, कारण शेवटी दोघांसाठी सिलेक्ट दाबावं लागतं आणि मग स्टार्ट. मी नुसती शेजारी बसून ओठांनी म्हणायचे, अप अप डाउन डाउन, आरतीला मागून सूर लावतात तसं. टँकच्या गेममध्ये त्याची गोळी मला लागली की माझा टँक जागच्या जागी लटपटत उभा राहायचा, आणि ती त्याची गोळी बऱ्याचदा "चुकून" लागायची. आणि काँट्राची ती तिसरी, धबधब्याची लेव्हल. तिथे सरळ वर वर चढत जायचं असतं आणि जो वर असेल त्याच्याबरोबर स्क्रीन वर सरकते. खाली राहिलेला माणूस स्क्रीनच्या कडेखाली गेला की मेला. शत्रूची गोळी नाही, काही नाही, नुसता मागे राहिला म्हणून मेला. दादा माकडासारखा वर जायचा आणि मी खालून ओरडायचे, थांब ना, थांब ना रे.

आणि हे सगळं चाललेलं असताना स्वयंपाकघरातून हाक यायची. पाणी भर, पानं घे, ताक घुसळून झालं का बघ. हाक मलाच यायची, यात काही नवल नव्हतं, तेव्हा मला पण वाटायचं नाही. मी म्हणायचे, दादा पॉज कर, आलेच. तो म्हणायचा, हो. मी धावत जायचे, चार ताटं मांडायचे, तांब्या-भांडी ठेवायचे, आणि परत येईस्तोवर माझा लाल पँटवाला आडवा पडलेला असायचा, तीसमधल्या अकरा उरलेल्या. "अगं विसरलो," म्हणायचा. रडीचा डाव खडी वगैरे म्हणून भांडायचे मी, पण त्यातलं एक तर मला तेव्हा पण दिसत होतं की त्याच्या नावाने हाक कधीच येत नाही, आणि ज्याला हाक येते तिच्याच रिमोटला थांबवायचं बटण नाही. आता या अभ्यासात आणखी एक कळलं. त्या मूळ जपानी डब्याच्या दुसऱ्या रिमोटला पण सिलेक्ट-स्टार्ट नव्हतंच, त्या जागी माइक होता. म्हणजे तिकडच्या धाकट्यांना निदान बोलायची तरी सोय. आमच्या नकलेत ती पण वगळलेली.

दादा वाईट नव्हता हो. हे लिहिताना आपण त्याला उगाच खलनायक करतोय की काय असं वाटायला लागलंय. मला सायकल त्यानेच शिकवली, दहावीला माझ्या भूमितीच्या वहीवर रात्री जागून खुणा करून ठेवल्या त्यानेच. तेरा वर्षांचा पोरगा होता, त्याच्या हातात बटण होतं, बास.

नंतर तो पुण्याला शिकायला आला आणि सायबर कॅफेत रात्र रात्र काउंटर स्ट्राइक खेळायला लागला, सुट्टीत घरी आला की त्याच्याच गप्पा. आमच्याकडे सांगली-मिरजेत पण कॅफे होते, काचा काळ्या केलेले, आतून मुलांच्या शिव्या ऐकू यायच्या. मी एकदा रिझल्ट बघायला गेले तर मालकाने मला कोपऱ्यातला पीसी दिला आणि बाकीच्या पोरांना गप बसा म्हणाला. मी रिझल्ट बघितला, दहा रुपये दिले आणि निघाले. जाता जाता एकाच्या स्क्रीनवर कोणीतरी गुलाबी आकाशाखाली मोटरसायकल पळवत होतं ते दिसलं, तो व्हाइस सिटी होता हे खूप नंतर समजलं. कोणी मला येऊ नको म्हटलं नव्हतं. पण कोणी म्हणावं लागतं का. मग नोकरी, लग्न, लेक. पंचवीसेक वर्षं मी खेळले नाही असं सांगते, पण ते पण खोटंच, कारण कँडी क्रशची मी हजारावर लेव्हल केलीये, लोकलमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, लेकीला मांडीवर झोपवून एका हाताने. ते खेळणं कोणी धरत नाही. मी पण धरत नव्हते.

असो. तर शेवटी प्लेस्टेशनच, आणि डिस्कवाला. स्लिम, म्हणजे पीएस फाइव्हचं बारीक मॉडेल, आल्यावर डिस्कवाला ५४,९९० ला होता आणि डिजिटल, म्हणजे नुसते डाउनलोड केलेले गेम चालणारा, ४४,९९० ला, दहा हजारांचा फरक फक्त एका फटीचा. ऑफिसातला तो मुलगा म्हणाला, डिजिटल घ्या, हवं तर डिस्क ड्राइव्ह नंतर वेगळा मिळतो, लावता येतो. नवऱ्याने पण तेच म्हटलं, त्याला एकूणच नंतर करता येणाऱ्या गोष्टी आवडतात. पण मला फट हवी होती. नवा मोठा गेम तेव्हा ४,९९९ ला यायचा, डिस्क असेल तर खेळून झाल्यावर विकता येते, कोणाला देता येते, कोणाकडून जुनी आणता येते. मिरजेला स्टेशन रोडला एक काका पाच रुपये दिवसाने कॅसेट द्यायचे, त्यांच्या वहीत बाबांचं नाव आणि पुढे माझी सही असायची, आणायला-पोचवायला मीच, खेळायला मात्र दुसरी. डाउनलोड केलेला गेम कोणाच्या हातात कसा ठेवणार? मग टेलरची टेप घेऊन टीव्ही युनिट मोजलं. पहिला पीएस फाइव्ह ३९ सेंटीमीटर उंच होता, तो कुठेच मावला नसता, स्लिम आडवा घातला तर सेट टॉप बॉक्सशेजारी बसतो, दगडूशेठच्या फोटोला दोन बोटं सरकावं लागलं फक्त. सासूबाईंनी ते सरकलेलं बघितलं, काही बोलल्या नाहीत.

घरी आणल्यावर पंधरा दिवसांत गंमत अशी झाली की लेकीला रस आला. तिने फोर्टनाइट टाकला, तो फुकट आहे आणि त्याला ऑनलाइन खेळायची प्लेस्टेशनची ती वेगळी वर्गणी पण लागत नाही. रात्री साडेदहाला मी म्हटलं पॉज कर आणि दात घास. तर मान न वळवता म्हणते, "आई, ऑनलाइन गेम पॉज नाही होत." मी म्हटलं म्हणजे काय, बटण आहे की! "बटण आहे, पॉज नाही होत. समोरचे थांबत नाहीत ना तुझ्यासाठी." तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं, आणि मी ब्रश हातात घेऊन नुसती उभी राहिले. लेकीच्या हातात पहिला रिमोट आहे, कोणी तिला ताटं घ्यायला हाक मारत नाही (बाबाला मारते मी, तो येतो, ताटं उलटसुलट मांडतो), आणि जगाने मधल्या मध्ये पॉजच काढून टाकलंय.

मग मी ठरवलं की दोघींनी शेजारी बसून खेळायचे गेम आणायचे, थांबणारे. त्यासाठी दुसरा कंट्रोलर हवा. तोच माल, एक कंट्रोलर, जवळजवळ सहा हजार. परत त्याच दुकानात गेले आणि तोच पोरगा. "आवडलं का मुलाला?" मी तयारी करून गेले होते, यावेळी सांगायचंच म्हणून. गाडीवर दोनदा बोलून पण बघितलं होतं. आणि तोंडातून आलं, "हो, खूप." तो म्हणाला, "कितवीत आहे?" मी म्हटलं, "आठवीत." आता मला त्या दुकानात आठवीतला एक मुलगा आहे. त्याला पुढच्या वर्षी नववीत घालावा लागेल.

भाऊबीजेला दादा आला. ओवाळून झालं, पाकीट दिलं, चिवडा-चकलीची बशी मांडीवर घेऊन सोफ्यावर बसला आणि टीव्हीखालचं ते पांढरं धूड बघून म्हणाला, "अरे वा. लेकीसाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

"असं?" एवढंच म्हणाला आणि चकली मोडली. मी आतल्या आत जे काय बांधून ठेवलं होतं ते तसंच राहिलं. त्याचे केस पार पिकलेत आता, चष्मा कपाळावर, पित्ताची गोळी खिशात. मी काँट्रा उतरवून घेतला होता, जुन्या काँट्रांचा एक संच मिळतो, त्यात आमचावाला आहे, पन्नास हजारांच्या डब्यावर ८८ सालचा गेम. म्हटलं खेळतोस? "हात पूस आधी, तेलकट आहेत." त्याने सोवळ्यातल्यासारखा हात लांब धरून नॅपकिनला पुसला आणि कंट्रोलर घेतला. या कंट्रोलरना मध्यभागी दिवा लागतो, पहिल्याचा निळा आणि दुसऱ्याचा लाल. हे मी आधी बघून ठेवलेलं होतं, खोटं कशाला बोलू. "माझा कुठला?" म्हणाला. म्हटलं, लाल. तो स्क्रीनवर लाल पँटवाल्याला शोधायला लागला, आणि मी माझ्या कंट्रोलरवर कोड मारायला लागले तर शेजारून पुटपुट ऐकू आली, लेफ्ट राइट लेफ्ट राइट. त्याला पण अजून पाठ होता.

पहिल्या लेव्हलला चार वेळा मेला. एस आली ती मी घेतली. तो म्हणाला, "घे घे," आणि ते इतक्या मोकळेपणाने म्हणाला की मला चीड आली. धबधब्याला पोचेपर्यंत दोघंही नीट पुढे सरकून बसलो होतो, सासूबाई पण जपमाळ थांबवून बघत होत्या, आणि मी अर्ध्या वर असताना त्याचा फोन वाजला. ऑफिसचा होता. त्याने खांदा आणि कानात फोन धरला, कंट्रोलर मांडीवर ठेवला, "पॉज कर गं, आलोच," म्हणाला आणि उठून गॅलरीत गेला. लाल पँटवाला खालच्या दगडावर उभा होता, दादाकडे पाठ करून.

केलं मी पॉज. लगेच नाही केलं, पण केलं.